बॅलेच्या पोशाखांची पानं

ती चोरी अजून माझ्या मनातून गेलेली नाही. तिच्यात ना कुणाला इजा झाली, ना कुणाचं घर फुटलं. नोकरीत त्याहून मोठे गुन्हे मी पुष्कळ हाताळले. तरी सगळ्यांत जास्त आठवते ती हीच.

मी तेव्हा शहरातल्या एका पोलीस ठाण्यात गुन्हे निरीक्षक होतो. एका जुन्या ग्रंथालयाच्या चिटणीसबाई फिर्याद द्यायला आल्या. त्यांच्याकडे परदेशात छापलेला एक भलामोठा ग्रंथ होता. बॅले म्हणजे पायाच्या बोटांवर तोल सांभाळून करायचं युरोपातलं नृत्य. त्या नृत्यासाठी शतकांपूर्वी राजदरबारात जे पोशाख शिवले गेले, त्यांची रंगीत चित्रं त्या ग्रंथात होती. पिसांचे टोप, सोनेरी जरीचे घेरदार झगे, गुडघ्यांना पंख लावलेला वाऱ्याच्या सोंगातला नर्तक. त्यातली बरीच पानं कोणीतरी ब्लेडनं कापून नेली होती.

"कपाटाची किल्ली फक्त शिपायाकडे असते. बाकी आपण सुज्ञ आहात," बाई म्हणाल्या.

शिपाई वऱ्हाडातला, पन्नाशीचा. फिर्याद देण्याआधीच त्याला कामावरून थांबवलं होतं. मी त्याला चौकशीला बोलावलं. चोर बहुधा दोन प्रकारचे असतात, फार बोलणारे आणि अजिबात न बोलणारे. हा विचारलं तेवढंच सांगत होता. ग्रंथ तो वाचकांना टेबलावर आणून देई आणि आपल्या कामाला जाई. नेहमीच्या वाचकांवर पहारा ठेवायचा नसतो, असं त्याचं म्हणणं.

"मी चित्रं विकली असती साहेब, तर आज मार्केट यार्डात कांद्याची पोती काहून उचलली असती?" तो म्हणाला.

त्याच्या खोलीच्या झडतीत काही मिळालं नाही. मी बुधवार पेठेतल्या जुन्या पुस्तकांच्या आणि फ्रेमच्या दुकानदारांना सांगून ठेवलं, असलं चित्र आलं तर कळवा. एके दिवशी एका फ्रेमवाल्याचा फोन आला.

"चित्राच्या पाठीमागे अर्धा शिक्का दिसतोय ग्रंथालयाचा. फ्रेमला टाकणाऱ्या बाई संध्याकाळी न्यायला येणार आहेत. आपण या, पण गणवेशात नको. गिऱ्हाईक बिचकतं."

त्या बाई कोथरूडच्या होत्या. चित्र विकत घेतलं नव्हतं, भेट मिळालं होतं. "आमच्या मुली बॅले शिकतात ना, त्या क्लासबाहेर एक आजोबा बसतात. त्यांचीही नात आहे तिथे. फार सज्जन आहेत हो. सगळ्यांना एकेक चित्र दिलंय त्यांनी."

मी क्लासच्या शिक्षिकेला भेटलो. तिने नावं तपासली आणि गोंधळून माझ्याकडे पाहिलं. त्या आजोबांची नात क्लासमध्ये नव्हती.

लहान मुलींच्या क्लासबाहेर नात नसलेला म्हातारा रोज बसतो म्हटल्यावर पोलिसाच्या डोक्यात जे येतं, ते माझ्याही आलं. महिला हवालदारांना घेऊन मी प्रत्येक आईशी आणि तिच्या समोर तिच्या मुलीशी वेगवेगळं बोललो. तसं काहीही निघालं नाही. ते मुलींशी बोलतसुद्धा नसत. चित्रं आयांच्या हातात देत आणि क्लास सुटायच्या जरा आधी उठून जात.

त्यांना ठाण्यात आणलं. पंचाहत्तरीचे, ग्रंथालयाचे जुने सभासद, इस्त्रीचा शर्ट, बूट पुसलेले. पत्नी वारलेली, मुलगा परदेशी. मी ग्रंथालयाचं विचारलं, क्लासचं विचारलं. ते टेबलाच्या कडेकडे बघत गप्प. आवाज चढवून पाहिला, उपयोग झाला नाही. आयांकडची चित्रं पुराव्याला पुरेशी होती, म्हणून अटकेची तयारी केली. अटक झाली की आरोपीच्या जवळच्या माणसाला कळवावं लागतं. हवालदारांनी चहा पुढे ठेवला आणि विचारलं, "आजोबा, घरी कोणाला कळवायचं?"

या प्रश्नाला मात्र ते पहिल्यांदा मान वर करून विचार करू लागले.

"मुलाला नको."

"शेजारी?"

"त्यांना माझं आडनाव माहीत आहे. दारावर लिहिलंय म्हणून." मग म्हणाले, "ग्रंथालयात एक शिपाई आहेत, त्यांना कळवा. रोज विचारतात, काय आजोबा, आज उशीर? हल्ली दिसत नाहीत. गावी गेले असतील."

"गावी नाही गेले," मी म्हणालो. "तुम्ही कापलेल्या पानांपायी त्यांचं काम गेलं. पोती उचलतायत."

ते एकदम उभे राहिले आणि तसेच खाली बसले. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यानंतर त्यांनी सगळं सांगितलं. एकदा चालून दमल्यावर ते क्लासबाहेरच्या बाकावर टेकले होते. एका आईनं विचारलं, नात आत आहे का? ते हो म्हणून गेले. बायकांनी सरकून जागा दिली, थर्मासमधला चहा दिला, एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी 'काल आला नाहीत ते' म्हणाल्या. मग रिकाम्या हातानं जायला त्यांना संकोच वाटू लागला. उरलेली पानं आणि ब्लेड त्यांनी स्वतः घरातून काढून दिलं. पंचनामा झाला.

शिपायाला निरोप गेला होता. तो यार्डातून सरळ आला, अंगाला कांद्याची टरफलं चिकटलेली.

"काहून केलं आजोबा असं?"

"तिथे बसायला जागा मिळायची."

शिपाई पुढे आला. "जागा तर होतीच ना तुम्हाले. पंख्याखालची खुर्ची मी रोज तुमच्यासाठी अडवून ठेवत होतो. दुसऱ्या कोणाले बसू देत नव्हतो."

"ती रिकामीच असायची," आजोबा हळूच म्हणाले. "मला वाटलं, तिथे कोणी बसत नाही."

शिपाई माझ्याकडे वळला. "जामीन राहा म्हणू नका साहेब. तेवढं मन नाही माझं." आणि गेला.

जामीनदार म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी कपाळाला आठ्या घालून उभे राहिले. पुढे आजोबांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. वय पाहून त्यांना चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्यात आलं. शिपाई कामावर परतला. चित्रं जवळजवळ सगळी परत मिळाली. आयांनी ती आणून दिली, आजोबांची चौकशी मात्र एकीनंही केली नाही. ग्रंथालयानं त्यांचं सभासदत्व रद्द केलं. नियमानं ते बरोबरच होतं.

या तपासानं मला एक शिकवलं. माणूस एकटा पडतो तेव्हा आपल्याकडे कोणाचं लक्ष आहे हेही त्याला दिसेनासं होतं, आणि लक्ष ठेवणारा तोंडानं सांगत नाही. दोघंही आपापल्या जागी गप्प राहतात.

आता मीही निवृत्त आहे. मुलगी बंगळूरला, पत्नी जाऊन काही वर्षं झाली. सकाळी टेकडीवर जातो. तिथे एक गृहस्थ मला बघून रोज बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतात. परवा मी त्यांना नाव विचारलं.