खंडेनवमी आणि दहा नंबरचा पाना

यंदाची खंडेनवमी, सकाळचे सव्वानऊ. तोवर झालेला खर्च सातशे वीस रुपये: झेंडूच्या माळा, केळीचे दोन खुंट, लिंबं आणि फोडायचा कोहळा. हजर तिघं: माझे वडील, माझी पत्नी आणि मी. आमची चौदा वर्षांची पेट्रोल गाडी हार घालून दारात उभी होती.

वडिलांना दहा वाजता डायलिसिसला पोचायचं होतं. केंद्र इलेक्ट्रॉनिक सिटीत, आमच्या बोम्मसंद्र्याच्या घरापासून सात किलोमीटरवर. साडेदहापर्यंत तिथे खुर्ची राखून ठेवतात, मग दुसऱ्याला देतात. सणामुळे दुपारची पाळी बंद होती. सकाळी त्यांचं वजन एकसष्ट किलो चारशे भरलं होतं. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं अठ्ठावन्न, म्हणजे वरचं सगळं अंगात साठलेलं पाणी. मागे एकदा पाळी चुकली तेव्हा त्यांनी अख्खी रात्र उशांना टेकून बसून काढली. आडवं झालं की श्वास कोंडायचा.

मी किल्ली फिरवली. स्टार्टर जोरात फिरला, पण गाडी चालू होईना. तीनदा तेच.

पत्नीने फोनवर टॅक्सी शोधायला घेतली. दोन चालकांनी फेरी स्वीकारून रद्द केली. तिसऱ्याने सांगितलं की गाडीची पूजा चालू आहे, बारानंतर येतो. कोपऱ्यावरच्या रिक्षा हार घालून एका ओळीत उभ्या होत्या आणि चालक आंघोळीला घरी गेले होते. आमच्या मेकॅनिकने तर कालच सांगून ठेवलं होतं, नवमीला हत्यारं देवापुढे, फोन करू नका.

मग मी एकेक गोष्ट बाद करत गेलो. स्टार्टर जोमात फिरतोय, म्हणजे बॅटरी ठीक. किल्लीचा दिवा लागून विझतोय, म्हणजे गाडी किल्ली ओळखतेय. पेट्रोल पाव टाकी. पत्नीला मागच्या सीटला कान लावायला सांगितलं आणि किल्ली अर्धीच फिरवली. "घुं करून थांबलं," ती म्हणाली. म्हणजे पेट्रोलचा पंपही चालू. उरली ठिणगी. बॉनेट उघडलं, तर इंजिन नव्या भांड्यासारखं लखलखत होतं.

"बाबा, इंजिन पाण्याने धुतलंत?"

"मग काय वरवर पुसायचं? काल संध्याकाळी पाइप लावला. वरचं झाकणसुद्धा काढून धुतलं."

वडिलांनी एकतीस वर्षं सरकारी कारखान्याच्या ट्रक विभागात काढली. दर खंडेनवमीला तिथे ट्रकांची इंजिनं पाइपाने धुवायचे आणि कॉम्प्रेसरच्या हवेने कोरडी करायचे. ट्रक डिझेलचे, डिझेलला ठिणगी लागतच नाही. पाण्याने गाडी अडते हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. इथे झाकणाखाली ठिणगी पाडणाऱ्या चार कॉइल होत्या, प्रत्येकीखाली प्लगची खोल खाच, आणि पाणी तिथेच उतरलं असणार. कॉइल उपसायला दहा नंबरचा पाना हवा होता.

वरच्या मजल्यावरचे अण्णा गॅलरीत आले होते. त्यांच्याकडे पाना मागितला तर ते हसले आणि कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणाले, "आजच्या दिवशी पाना मागता सर? माझे सगळे कुंकू लावून बसलेत. देव स्वल्प समजून घेईल, बायको नाही घेणार."

आमची हत्यारांची पेटीही देवघरापुढे लाल कापडावर होती. दुसऱ्या दिवशीच्या आरतीपर्यंत लोखंडाला हात लावायचा नाही, असा वडिलांचा नियम. लहानपणी मला त्या दिवशी कात्रीही मिळत नसे. पत्नी हळूच म्हणाली, "अहो, मी आणते गुपचूप. बोलतील ते मला बोलतील." मी नको म्हटलं. रागावून ते घरीच बसून राहिले तर गाडी चालू होऊनही उपयोग नव्हता, आणि असे ते पूर्वी बसले होते. घड्याळात पावणेदहा झाले होते.

मी त्यांना सरळ सांगितलं: आत पाणी आहे, चार बोल्ट आहेत, हाताने निघणार नाहीत.

"मांडलेली पूजा आज हलवत नाहीत."

"बाबा, साडेतीन किलो वर आहात. आजची खुर्ची गेली तर परवापर्यंत काही नाही."

त्यांनी स्वतःच्या सुजलेल्या घोट्यांकडे पाहिलं आणि भिंत धरत आत गेले. आम्ही मागोमाग गेलो. त्यांनी पेटीवर अक्षता वाहिल्या, ओठांतल्या ओठांत काही म्हटलं आणि दोन्ही हातांनी पेटी उत्तरेकडे किंचित सरकवली. मग आतून पाना काढून माझ्या हातात दिला. त्यावर कुंकवाचं बोट होतं.

"उत्तरपूजा झाली. आता ही नुसती हत्यारं. बोल्ट आत पाडू नकोस, मी काढायला येणार नाही."

चारही खाचांत पाणी होतं. जुन्या धोतराच्या वाती वळून ते टिपलं, पत्नीने केस वाळवायचं यंत्र लावून कॉइल कोरड्या केल्या. सव्वादहाला किल्ली फिरवली. स्टार्टर आता जड फिरत होता. गाडी चालू झाली नाही, पेट्रोलचा वास मात्र भरून आला. आमच्या आधीच्या खटपटीने प्लग पेट्रोलने भिजले होते, आणि बॅटरीत फार तर एक-दोन प्रयत्न उरले होते. अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून स्टार्टर मारला की पेट्रोल बंद होतं आणि नुसती हवा जाते, हे मला माहीत होतं, कधी करून पाहिलं नव्हतं. पाय दाबला, किल्ली फिरवली, धरून ठेवली. इंजिन खोकलं, थरथरलं, तीन सिलिंडरवर अडखळलं आणि मग सरळ झालं.

मी वळून पाहिलं तर वडील पिशवी मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसलेही होते. सिग्नलला मी गाडी बंद पडू नये म्हणून पाय हलकेच दाबून ठेवत होतो.

पोचलो तेव्हा साडेदहा होऊन चार मिनिटं झाली होती. नर्स त्यांच्या खुर्चीवरची चादर बदलत होती. तिने एकदा घड्याळाकडे, एकदा त्यांच्या घोट्यांकडे पाहिलं आणि तीच चादर नीट करून त्यांना बसवलं. पूर्ण वेळ मिळाला नाही. तीन लिटर काढलं, बाकीचं पुढच्या खेपेला काढू म्हणाली. दुपारी वजन अठ्ठावन्न चारशे.

दर वेळी बिल मी फोनवरून भरतो. त्या दिवशी मी फोन काढला, तर वडिलांनी माझं मनगट धरलं आणि पेन्शनच्या पाकिटातून नोटा काढल्या. "आजचे मी देणार," एवढंच म्हणाले. दोन हजार दोनशे रुपये, रोख, केंद्राच्या काउंटरवर, वडिलांनी दिले.