उजव्या कानासाठी रिव्हॉल्व्हर

आमच्या अरबाबांचा, म्हणजे मालकांचा, डावा कान समुद्राने घेतला होता. कतारला तेलाचे दिवस यायच्या आधी, तरुणपणी, ते मोत्यांसाठी बुड्या मारायचे. तसल्या बुड्या मारणाऱ्यांचे कान पाण्याच्या दाबाने फुटत. डावा पूर्ण गेला, उजवा बऱ्यापैकी उरला. त्या उजव्या कानावरच त्यांचा धंदा, मैत्र्या आणि थट्टामस्करी चालायची.

यावर कुणी बोलत नसे. त्यांच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, लोक आपोआप उजवीकडे सरकून बसत. एखादं वाक्य निसटलं तर ते हसून मान हलवत आणि शेजारचा माणूस तेच वाक्य वेगळ्या शब्दांत पुन्हा बोले. बहिरा हा शब्द त्या घरात मी कधी ऐकला नाही. माणसाचं उणं चारचौघांत काढायचं नाही हा तिथला रिवाज, आणि तो मला आवडायचा. आमच्याकडे पांगळ्याला पांगळ्याच म्हणून हाक मारतात.

मी त्यांच्या कंपनीत इंग्रजी पत्रव्यवहार बघायचो. बी.एस्सी. फिजिक्स. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, आणि हे मी भेटेल त्याला सांगायचो. वडील जिनिंगमध्ये हमाल होते. त्यांच्या पाठीवरून कापसाच्या गाठी उतरल्या म्हणून माझ्या हातात पदवी आली, हेही सांगायचो, लाजायचो नाही. कॉलेजात एनसीसीत होतो. पॉइंट टू-टूच्या रायफलीने माझा नेम चांगला बसायचा. हे एकदा अरबाबांना सांगून बसलो आणि तिथून सगळं सुरू झालं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. अरबाबांना नेमबाजीचा नाद लागला होता. शहराबाहेरच्या मैदानावर हिवाळ्यात स्पर्धा होत, आणि थंडी पडली की मित्रांबरोबर वाळवंटात तंबू ठोकून राहायचं, तिथेही बंदुका निघत. त्यांना एकच हत्यार हवं होतं, दोन्हीकडे चालेल असं. पिस्तूल नको. वाळू गेली की पिस्तूल अडतं, आणि त्यांच्या मित्राचं तसं अडलेलं त्यांनी पाहिलं होतं. रिव्हॉल्व्हर बरं, चक्र फिरतं, गोळी सुटते, भानगड नाही. परवाना त्यांचा, पैसा त्यांचा. निवड मात्र मी करायची.

"तू शिकलेला आहेस, सदीक," ते म्हणाले. सदीक म्हणजे दोस्त. त्यांची हिंदी मुंबईच्या बंदरावर शिकलेली, मोडकी पण धीट. इथे मी ती मराठीतच लिहितो. "पुस्तकं वाच. मला सांग कोणतं घेऊ. तू म्हणशील ते."

तू म्हणशील ते! हमालाच्या पोराला एक अरब मालक असं म्हणतो. त्या संध्याकाळी खोलीवर जाऊन मी आरशात बघितलं असेल तर नवल नाही.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर चाचा माझ्या टेबलाशी आले. चाचा रत्नागिरीकडचे, अरबाबांच्या घरची गाडी त्यांच्याकडे. मला मास्तर म्हणायचे, थोडं मानाने आणि बरंचसं खोडीने.

"मास्तर, रिवालवर निवडतायसा म्हनं?"

"हो."

"मग ऐका. घरच्या बाईंचा निरोप हाय. तुमाला दाराशी बोलावलंय."

मी घाबरलो. त्या घरातल्या बाईचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता आणि पाहायचाही नव्हता. चाचा मला स्वयंपाकघराच्या बाजूच्या दाराशी घेऊन गेले. दार जरासं उघडं होतं. आतून अरबाबांच्या बायकोचा आवाज आला, त्यांचीही हिंदी मुंबईचीच. त्या म्हणाल्या, मुंबईला कानाच्या डॉक्टरकडे गेलो होतो, तुझा चाचा बरोबर होता, विचार त्याला. डॉक्टर म्हणाला, उजवा कान सांभाळा. मोठा बार अगदी जवळ झाला तर तोही जाईल. मैदानावर आवाज अडवायला कानाला लावतात ते ठीक, पण वाळवंटात मित्रांसमोर हा कानाला काही लावणार नाही. मेला तरी नाही. तर तू असं काहीतरी निवड की ज्याचा आवाज होणार नाही. आणि माझं नाव काढू नकोस.

"इन्शाल्ला," मी म्हणालो.

बाहेर आल्यावर चाचा म्हणाले, "इन्शाल्लावर सोडू नका हो. डॉक्टरनं खरंच सांगितलान. मी व्हतो ना तिथं. शेट नुसता हसत व्हता."

आता खरी गोष्ट अशी की तोवर माझं उत्तर तयार झालं होतं. दुकानदाराने दिलेले कॅटलॉग मी परीक्षेसारखे वाचले होते. थ्री फिफ्टी सेव्हन मॅग्नम. लांब नळीचं, नेम धरायची मागची माशी स्क्रूने वरखाली करता येणारं. याची गंमत म्हणजे त्यात थर्टी एटची हलकी काडतुसंही चालतात. स्पर्धेला हलकी घाला, वाळवंटात भारी घाला. अरबाबांनी विचारलेल्या प्रश्नाचं याहून सरळ उत्तर नव्हतं. ते सापडलं तेव्हा मला गणित सुटल्यासारखा आनंद झाला होता. पण मॅग्नमचा बार म्हणजे कानाजवळ फुटलेला सुतळी बॉम्ब. रिव्हॉल्व्हरमध्ये चक्र आणि नळी यांच्यात बारीक फट असते, तिथूनही आवाज बाहेर पडतो.

मी उत्तर बदललं. पॉइंट टू-टूचं रिव्हॉल्व्हर. नेम उत्तम, झटका नाही, आवाज फांदी मोडल्यासारखा.

दुकानदार एका संध्याकाळी मजलिसमध्ये आला. मखमलीच्या तबकात तीन रिव्हॉल्व्हरं मांडलेली, दागिने आणावेत तशी. मोठं मॅग्नम, मधलं थर्टी एट, आणि पॉइंट टू-टू. अरबाबांचे मित्र जमलेले. कहवा फिरत होता. अरबाबांनी आधी मॅग्नम उचललं. ते त्यांच्या हाताला फार शोभलं. रुंद पंजा, वल्ही मारून जाड झालेली बोटं, त्यात ते काळंनिळं पोलाद. त्यांनी ते जरा तोललं आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे?"

मी बोलायला लागलो. काय बोललो! झटका म्हणजे काय, नळी वर का उसळते, पुढच्या बाराच्या आधीच हात कसा दचकतो, दचकलेल्या हाताचा नेम कुठे जातो. कागद मागवला आणि बाण काढून दाखवले. अख्खी मजलिस कागदावर वाकली. त्यात खोटं एकही वाक्य नव्हतं. मोठ्यात हलकी काडतुसं चालतात, एवढं एक वाक्य मात्र मी वगळलं. आणि मधलं थर्टी एट तबकात तसंच पडून राहिलं. त्याचा आवाज मॅग्नमइतका नसता, त्याची गोळी कुणाला पोरकट वाटली नसती. पण तो बारही उजव्या कानाला जड गेला असता का, हे मला ठाऊक नव्हतं. आणि मला ठाऊक नसलेल्या गोष्टीची जबाबदारी घ्यायची नव्हती. मला शंभर टक्के बरोबर ठरायचं होतं.

अरबाबांनी मॅग्नम तबकात ठेवलं. दुकानदाराकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे.

"उस्ताद म्हणतो ते," ते म्हणाले. "छोटं द्या."

एक मित्र म्हणाला, "माश्या मारणार काय?" सगळे हसले, अरबाबही हसले.

त्या हिवाळ्यात ते मैदानावर उत्तम खेळले. त्या वयाचा माणूस इतका स्थिर हात धरतो हे बघायला लोक जमायचे. श्वास रोखायला त्यांना शिकवावंच लागलं नाही, बुड्या मारणारा माणूस. त्यांच्या गटात पहिले आले. त्यांनी चषक माझ्या हातात दिला आणि फोटो काढायला लावला. तो फोटो मी गावी पाठवला. घरच्या बाईंनी चाचांच्या हाती माझ्यासाठी खजुराचा डबा पाठवला. सगळं बरोबर झालं होतं.

मग उत्तरेला अल खोर गावाच्या पलीकडे तंबू लागले आणि अरबाबांनी मलाही नेलं. तिथे रिव्हॉल्व्हरने शिकार कुणी करत नाही, ते नुसतं बोलायचं. साप निघाला तर, मोकाट कुत्री आली तर, असं म्हणत कमरेला लावायचं. खरा खेळ असरच्या, म्हणजे दिवस कलतानाच्या, नमाजानंतर. तेलाचा रिकामा पिंप लांब उभा करायचा आणि एकेकाने बार टाकायचे. मित्रांची हत्यारं मोठी. बार झाला की छातीत हादरा बसायचा, पिंपाला लागलं तर पिंप घंटेसारखा वाजून मागे सरकायचा, आणि आरडाओरडा व्हायचा. बहुतेक बार चुकतच. त्यांचे बार चालू असताना अरबाब जरा लांब, डोक्यावरचं गुत्र कानांवर ओढून बसायचे, थंडी वाजतेय असं दाखवत.

त्यांची पाळी आली. ते उठले, उभे राहिले, चक्र रिकामं होईतो एकेक गोळी टाकली. एकही चुकली नाही. पिंप हलला नाही. फक्त, टक्. टक्. टक्.

"कुणीतरी दार वाजवतंय रे," माश्यांवाला तोच मित्र ओरडला, "उघडा, पाहुणा बाहेर उभा आहे!"

माणसं वाळूवर लोळून हसली. दुसरा म्हणाला, "आत घेऊ नका, विमा विकणारा असेल!" अरबाबांनीही हसून रिव्हॉल्व्हर खिशात टाकलं. मीही हसलो, मालकाच्या मागे हसावं तसं. पण त्यांची मान हसताना खाली होती.

नंतर तीन-चार वेळा मंडळी गेली तेव्हा हाच विनोद झाला, असं चाचांनी सांगितलं. तंबूत ते शिरले की कुणी ना कुणी टकटक करायचंच. पुढच्या हिवाळ्यात अरबाब गेले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. त्यानंतरच्या हिवाळ्यातही नाही.

"गुडघ्याला काय धाड भरलीय," चाचा गाडी पुसता पुसता म्हणाले. "जिना चडतो की दोन दोन पायऱ्या. मास्तर, तुमी कान वाचवलात, शेटला घरात बसवलात."

"मग काय करायला हवं होतं, चाचा? तुम्हीच तर दाराशी नेलंत मला."

"नेला ना. मी कुठं नाय म्हनतंय? मी पन त्यातलाच."

त्याच सुमारास मी सुट्टीवर गावी गेलो होतो. गल्फचा पगार सुरू होताच मी वडिलांची हमाली बंद करवली होती. पाठ गेली होती त्यांची, डॉक्टरने सांगितलं होतं, माझंच बरोबर होतं. ते ओट्यावर बसलेले असायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, आज जिनिंगवर किती गाड्या आल्या रे? जिनिंगच्या फाटकावरच्या चहाला का जात नाही, असं मी विचारलं. म्हणाले, "ओझं नाही उचलायचं तर तिथं जाऊन काय करू? बघत बसू?" मी त्यांना नवा रेडिओ घेऊन दिला.

परत आलो तेव्हा ऐंशीचं साल मागे पडलं होतं आणि हिवाळा होता. त्या दुपारी मित्रांच्या गाड्या अरबाबांच्या फाटकासमोरून उत्तरेकडे निघाल्या. मुद्दाम हॉर्न वाजवत गेल्या. मजलिसमध्ये आम्ही दोघंच. मी सहीची पत्रं घेऊन आलो होतो.

"जात नाही तुम्ही?" मी विचारलं.

"नाही."

"मधलं अजून दुकानात मिळेल. थर्टी एट. मी आजच..."

"खलास, सदीक." ते सही करत राहिले. मग म्हणाले, "मोठ्यात छोटी काडतुसं चालतात. माहीत आहे ना तुला?"

सही झालेली पत्रं मी उगाच सरळ करू लागलो.

"दुकानदाराने आधीच सांगितलं होतं मला. तू सांगशील म्हणून वाट बघत होतो. तू झटका सांगितलास, बाण काढलेस, तेवढं सांगितलं नाहीस. तेव्हा कळलं, तुला मोठं द्यायचंच नाही, घरातून कुणीतरी बोललंय."

"मग तेव्हाच का नाही बोललात? मोठं का नाही उचललंत?"

"पाहुण्यांसमोर? माझ्या घरात, माझ्याच उस्तादाला खोटं पाडू?" त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "ती घाबरली, बरोबर आहे. तू तिचं ऐकलंस, तेही बरोबर. डॉक्टर बरोबर. सगळेच बरोबर. पण कान माझा होता. मला बाजूला घेऊन एकदा विचारायचंस. तिनेही नाही, तूही नाही."

दाराआडून आलेला निरोप मी पाळला, उणं चारचौघांत काढलं नाही, मालकाला जपलं. या सगळ्यात त्या माणसाशी एकट्याने दोन वाक्यं बोलावीत हे मला, पदवीधराला, सुचलं नव्हतं. ज्या कानासाठी एवढं केलं त्या कानाने ते कुणाचं बोलणं ऐकणार होते? शेकोटीभोवतीच्या त्या माणसांचंच. आणि ती आता दूर निघाली होती.

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतात?" मी म्हणालो.

ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मी जवळ सरकलो आणि मोठ्याने पुन्हा विचारलं.

"ओरडू नकोस," ते म्हणाले. "ऐकू येतं मला. तुझी मेहरबानी."