सगळ्यांचे वडील डॉक्टर

बी.ए.ला मी स्पॅनिश घेतलं तेव्हा आत्याने एकच प्रश्न विचारला, ‘‘काहून वं, तिकडं कोनी पाहून ठेवला का?’’ नरखेड तालुक्यातल्या आमच्या गावात मुलीने परदेशी भाषा शिकायची, तर त्यामागे एखादा नवरा तरी हवा, नाहीतर नोकरी. माझ्याकडे दोन्ही नव्हतं, नुसता हट्ट होता. तो वडिलांकडूनच आला होता, त्यामुळे त्यांना फार बोलता येईना. त्यांनी मला नागपुरात धरमपेठेत खोली पाहून दिली आणि परत जाऊन बागेच्या कामाला लागले.

तिथं शिकवतात तरी काय, असं ते फोनवर विचारायचे. एकदा मी सांगितलं, की स्पेनच्या एका शहरात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याची झाडं असतात, फळांनी लगडलेली. पण कोणी तोडून खात नाही, कारण ती कडू असतात. वडील म्हणाले, ‘‘कडूच हायेत तं लावता काहून?’’ मी वर्गात विचारलं. मॅडम म्हणाल्या, फुलांच्या वासासाठी, शिवाय मुरंबा होतो. वडिलांचं समाधान झालं नाही. चार एकर संत्रा लावलेल्या माणसाचं होणारही नव्हतं.

मला मात्र त्या भाषेचं वेड लागलं होतं. साहित्याच्या तासाला आठ ओळींची एक कविता आम्ही आठवडाभर वाचायचो. एकेक शब्द कोशात शोधायचा, पेन्सिलीने वर लिहायचा, आणि शुक्रवारी मॅडम ती मोठ्याने वाचायच्या. तेव्हा सगळं एकदम कळायचं आणि माझ्या अंगावर काटा यायचा. असं सुख मला आधी कशातच मिळालं नव्हतं.

पण पहिल्या वर्षी तोंडी परीक्षेत मी नापास झाले. लेखी पेपर बरे गेले होते. बाहेरगावचे परीक्षक समोर बसलेले पाहिले आणि माझी दातखीळच बसली. वडिलांनी आवाज चढवला नाही. ‘‘एक डाव अजून देतो,’’ ते म्हणाले. ‘‘नाही जमलं तं काटोलच्या कॉलेजात नाव टाकू. घरून जानं-येनं कर.’’ त्यांचं काही चुकत नव्हतं. पण काटोलला स्पॅनिश नव्हतं. म्हणजे आता सगळं त्या एका तोंडी परीक्षेवर होतं.

मग आम्ही शाळेपासून जे करत आलो तेच मी केलं. घोकंपट्टी. आमच्या विभागात वरच्या वर्गांकडून खाली आलेली एक वही होती. तिच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स काढून अक्षरं पुसट झालेली. त्यात सगळे विषय तयार होते. माझं घर, माझी सुट्टी, माझे वडील. त्या वहीतले वडील डॉक्टर होते, उंच होते आणि रविवारी गिटार वाजवायचे. ते कोणाचे वडील होते, देव जाणे. आम्ही सगळ्यांनी ते आपले म्हणून पाठ केले. त्यात खोटेपणा आहे असं कोणाच्या मनातही आलं नाही. शाळेत ‘माझा आवडता प्राणी’ लिहिताना सगळ्या वर्गाकडे मोती नावाचा कुत्रा असायचाच की.

परीक्षेच्या दिवशी वडील सकाळच्या एसटीने आले. डिसेंबर होता, बागेला ताण दिलेला. म्हणजे झाडांचं पाणी मुद्दाम तोडलेलं, त्यामुळे त्यांना सवड होती. काय तो निकाल ऐकून जावं आणि गरज पडली तर मला सामानासकट घेऊन जावं, असा बेत होता. मॅडमसाठी पिशवीभर संत्री आणली होती. ते व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागले, ‘‘का विचारून राहिले गा?’’ पोरं हसत होती. मी वहीत तोंड खुपसून बसले.

माझा नंबर अकरावा होता. आत गेले, बसले आणि सुरू केलं. माझे वडील डॉक्टर आहेत. ते उंच आहेत. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. साठीचे गृहस्थ, अंगात स्वेटर, आणि टेबलावर दोन संत्री.

‘‘सकाळपासून मी दहा डॉक्टरांना भेटलो,’’ ते सावकाश स्पॅनिशमध्ये म्हणाले. ‘‘दहाही जण गिटार वाजवतात.’’ त्यांच्या शेजारी बसलेल्या मॅडम खिडकीबाहेर पाहू लागल्या. ‘‘आता मला सांग, बाहेर बाकावर बसलेल्या गृहस्थांनी मला ही संत्री दिली. मला इथला बाबू समजले. आतले साहेब कडक आहेत का, असं विचारत होते. ते कोणाचे वडील?’’

दार उघडं होतं. वडिलांच्या धुळीने भरलेल्या चपला दिसत होत्या आणि मांडीवरची पिशवी. माझे म्हटलं तर डॉक्टर खोटा ठरतो आणि मी नापास. माहीत नाही म्हटलं तर कदाचित निभावतं. पण खरं सांगायचं तर मी एवढा हिशेबही करत नव्हते. मला त्यांची लाज वाटत होती. त्या चपलांची, पिशवीची, साहेबाला बाबू समजल्याची. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येण्याइतका वेळ मी गप्प बसले. परीक्षक माझ्याकडे पाहत होते. मग मला स्वतःचाच असा राग आला की कान तापले.

‘‘माझे,’’ मी म्हणाले.

‘‘मग त्यांच्याबद्दल सांग.’’

पाठ केलेलं काहीच उपयोगाचं नव्हतं. पाणी, झाड, जमीन, सकाळ, एवढे शब्द येत होते. मी म्हणाले, माझे वडील संत्री पिकवतात. हिवाळ्यात ते झाडांना पाणी देत नाहीत. पानं सुकतात. आई चिडते. ते रोज सकाळी जाऊन झाडं बघतात आणि तरी पाणी देत नाहीत. का, परीक्षकांनी विचारलं. कारण रोज पाणी मिळालं तर झाड नुसती पानं काढतं, मी म्हणाले. मग एक दिवस ते पाणी सोडतात आणि सगळी बाग फुलते. क्रियापदं धडाधड चुकत होती, पण मी थांबले नाही. ते विचारत गेले, मी सांगत गेले. पंधरा मिनिटं झाली असतील.

बाहेर आले तर वडील उभे. ‘‘का सांगतलं?’’

‘‘तुमच्याबद्दल विचारलं. तुम्ही झाडांना पाणी देत नाही, हे सांगितलं.’’

‘‘अवं, पुरं सांगतलं ना?’’ ते घाबरलेच. ‘‘मंग फुलं येतेत, हे सांगतलं ना? नाहीतं तो म्हनन, कसा मानूस हाये!’’

सांगितलं म्हटल्यावर त्यांच्या जिवात जीव आला. जेवणाच्या सुट्टीत परीक्षक बाहेर आले आणि सरळ आमच्याकडे वळले. आपण साहेबालाच बाबू समजलो, हे कळून वडील कानकोंडे झाले. परीक्षकांनी त्यांचा हात हातात घेतला आणि हिंदीत म्हणाले, ‘‘आपकी बेटी पास है. मैंने पूछा, बाहर जो बैठे हैं वो किसके पिताजी हैं? इसने फौरन कहा, मेरे.’’

हे सांगताना परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. वडील एकटेच एसटीने परत गेले.

याला आता काही वर्षं झाली. मी एम.ए. केलं, आता नागपुरातच स्पॅनिश शिकवते. गावी कोणी पाहुणा आला की वडील ती गोष्ट सांगतातच. ‘‘साहेबानं विचारलं, हा कोनाचा बाप? माही पोरगी पटकन म्हने, माहा!’’ ते ‘पटकन’ म्हणतात तेव्हा मी चहाचे कप उचलते आणि आत जाते.