लीलाधरच्या दारातला मुक्काम

रावेरच्या बेबाबाईला फिरायचा भारी नाद. तिच्या नवऱ्याचं, तोतारामभाऊंचं मात्र गाव सोडायचं म्हटलं की तोंड उतरायचं. परक्या जागी झोप लागत नाही, धर्मशाळेत ढेकूण असतात, हे त्यांचं नेहमीचं. त्र्याण्णव साली केळीला बरा भाव मिळाला, तेव्हा बेबाबाईनेच तोड काढली. "मंग घरच संगं घेऊन जाऊ."

धुळ्याला लीलाधर जुन्या गाड्या विकायचा. त्याच्याकडे एक मॅटाडोर होती. आत झोपायला दोन बाकं, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे, स्टोव्हसाठी छोटा ओटा. बेबाबाई आत शिरली ती उतरायला तयार होईना.

"अक्का, गाडी बठ्ठी ठणठणीत शे," लीलाधर म्हणाला. "काही झालं तर मी शे ना आठे," असं म्हणत त्याने आपल्या दुकानाकडे बोट दाखवलं.

गाडी घेतली आणि दोघं तशीच ओंकारेश्वरला निघाली. सोनगीरचा किल्ला दिसायला लागला आणि गिअर पडेना. तोतारामभाऊ घामाघूम झाले. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याने मॅटाडोर ओढत परत धुळ्याला आणली.

लीलाधरची अहिराणी आता गेली आणि शुद्ध मराठी सुरू झाली. "हे पहा भाऊ, गाडी दारातून गेली की आमची जबाबदारी संपली. गिअर तुम्हीच दामटला असेल."

तोतारामभाऊ भांडायला कच्चे. बेबाबाई भांडलीच नाही.

"मंग दुरुस्त होईस्तोवर आमी आठीच राह्यतो," असं म्हणून तिने स्टोव्ह पेटवला.

दुकानाच्या अगदी तोंडाशी मॅटाडोर. आरशाला दोरी बांधून लुगडं वाळत घातलेलं. आत वांगी भाजायला लागली तसा लसूण-मिरचीचा वास पार गल्लीभर गेला. एक गिऱ्हाईक डोकावलं, "गाडी कशी आहे, अक्का?"

"झोपायले लय झ्याक," बेबाबाई म्हणाली. "चालत नाही तेवढं."

गिऱ्हाईक आल्या पावली परतलं. त्याच्यामागून आलेलंही गेलं.

दुपारी लीलाधर हात जोडून आला. "अक्का, आता पुरे करा."

"जेवले का तुमी?"

तो काही बोलायच्या आत तिने त्याच्या हातात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत ठेवलं. तो पायरीवर बसून जेवला, भरीत पुन्हा मागून घेतलं, आणि हात धुऊन स्वतःच गल्लीतल्या पुना मिस्तरीला घेऊन आला. पुनाने गिअरबॉक्स उघडला.

"शेठ, हे दात काही कालपरवा झिजेले नहीत."

"माहीत शे," लीलाधर खाली बघत म्हणाला. "नवा टाक."

दुसऱ्या दिवशी तो स्वतः तोतारामभाऊंच्या शेजारी बसून सोनगीरपर्यंत गाडी तपासून आला, मगच त्याने दोघांना निरोप दिला.

ओंकारेश्वरला तोतारामभाऊ बाकावर असे घोरले की बेबाबाई एकटीच घाटावर जाऊन नर्मदेत न्हाऊन आली, तरी त्यांना पत्ता नाही. तिने चहा ठेवला तेव्हा ते उठून बसले, पडदा सारून बाहेर पाहत राहिले.

"आता घरी?" तिने विचारलं.

"इतकी काय घाई?" तोतारामभाऊ म्हणाले. "मांडूचा किल्ला आठून लांब नाही म्हणतात."