मांडवाबाहेरची लेन्स

जवळा बाजारचा तो व्हिडिओवाला कॅमेऱ्याच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबनं तोफेएवढी लांब लेन्स बांधायचा. सिद्धेश्वर धरणाच्या पल्याडचा बगळा तिच्यात डोळे मिचकावताना दिसे! बोलताना मात्र त्याची नजर कायम स्वतःच्या चपलांवर.

ताईच्या लग्नात तो बुद्धवाड्यातला आहे हे कळताच काका म्हणाले, "मांडवाबाहेरूनच घे."

लग्नानंतर त्यानं कॅसेट आणून लावली, तर भूकंपात लग्न लागल्यासारखं सगळं थरथरत होतं.

"काहून हालून राहिलं रे?" काका ओरडले.

पहिल्यांदाच वर बघत तो म्हणाला, "लांबची लेन्स हातात हालतेच, मालक. जवळ येऊ दिलं असतं तर छोटी लावली असती."

पुढं काका वारले. त्यांचं चालतंबोलतं रूप तेवढ्या कॅसेटमध्येच उरलंय. काकू ती लावून बसते, पण काकांचा चेहरा काही केल्या स्थिर होत नाही.