पेडण्याचे पेंग्विनवाले

फुकटचं काम करणाऱ्या माणसांभोवती किस्से कसे साठतात ते विचारू नका. पैसे साठत नाहीत, त्या रिकाम्या जागेत बहुधा हेच साठत असावेत!

पेडण्याच्या बाजारात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथेच आमचं टोळकं जमलं. डिचोलीच्या कॉलेजात शिकवणारे उदय सर, मांद्र्याच्या गेस्टहाउसवाल्यांचा दत्ता, कोल्हापूरहून इथल्या कारखान्यात आलेला सागर आणि मी. चौघांना वेड एकच, लिनक्स. म्हणजे कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी चालणारं, ज्याचा कोड कुणीही उघडून बघावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा, असं सॉफ्टवेअर. लिनक्सच्या बोधचिन्हातल्या पेंग्विनचे स्टिकर आम्ही स्कूटरपासून फ्रिजपर्यंत सगळीकडे चिकटवलेत, म्हणून गावात आमचं नाव पडलं ‘पेंग्विनवाले’. माणसं चार आणि मतं पाच. कारण सरांची स्वतःचीच दोन असतात.

*

मंडळाला नाव हवं म्हणून पहिली बैठक नाक्यावरच्या हॉटेलात भरली. दत्ता सहज म्हणाला, “मोफत सॉफ्टवेअर मंडळ ठेवूया.”

सर असे उसळले की बशीतला चहा सांडला. “मोफत नव्हे, मुक्त! फुकट मिळणं वेगळं आणि मुक्त असणं वेगळं. हे कळत नसेल तर मंडळ काढूच नका!”

मग त्यावर तासभर प्रवचन झालं. चहा आला, भजी आली, परत चहा आला. हॉटेलवाला बाबलो गल्ल्यावरून सगळं मन लावून ऐकत होता. शेवटी सर उठले आणि बोलता बोलता तसेच पायऱ्या उतरले. त्यांच्यामागे आम्हीही.

मागून बाबलोची हाक आली, “ओ सर! चहा मुक्त आसा. फुकट न्हय!”

*

दत्ताने गेस्टहाउसच्या रिसेप्शनवर लिनक्स बसवलं आणि प्रिंटर मुका झाला. त्याचे बाबा रोज उद्धार करायचे. “बरो चलतालो प्रिंटर! तुका खाज कित्याक आयली?”

एके सकाळी एक जर्मन पाहुणा विमानाचं तिकीट छापून घ्यायला आला. दत्ता म्हणाला, “दोन मिनिटं.” पाहुण्याने वाकून स्क्रीनकडे पाहिलं आणि त्याचे डोळेच चमकले. तोही लिनक्सवाला निघाला! झालं, दोघांनी जमिनीवर बसकण मारली आणि प्रिंटर मधे घेतला. टॅक्सीवाला फाटकाशी हॉर्न वाजवून वाजवून निघून गेला. दत्ताच्या आईने दोघांना तिथेच शीत-कडी वाढली.

दुपारी तिकीट छापून आलं. अगदी झकास, अक्षर न् अक्षर स्पष्ट. विमान तोवर उडालेलं.

पाहुणा त्यानंतर आठवडाभर राहिला, रोज मासे जेवला आणि जाताना बाबांना मिठी मारून गेला. बाबांनी दत्ताला बाजूला घेतलं. “आयक. पावसांत गिरायकां येनात मरे? तेन्ना असोच बिघडय हां तो!”

*

सागर बेळगावकडचं एक स्थळ बघायला गेला. पोहे झाले. मुलीच्या वडिलांनी विचारलं, “कारखाना सुटल्यावर काय करता?”

“ओपन सोर्सचं काम करतो.”

“त्याचे काय मिळतात?”

“काही नाही.”

वडील जरा पुढे सरकले. “मग करता कशाला?”

“जगात कुणालाही ते वापरता येतं, काका.”

मुलीने विचारलं, “मग कोण वापरतं?”

सागर खुलला. “ब्राझीलमधला एकजण वापरतो. त्याचा मेलपण आलाय.”

“काय म्हणतो?”

“चालत नाही म्हणतो.”

दोन दिवसांनी मध्यस्थाचा निरोप आला, “पोरगा चांगला आहे, पण कुठल्या तरी बाबाच्या नादी लागलाय.”

*

डिचोलीत देवळाच्या सभागृहात आम्ही शिबिर घेतलं. लॅपटॉप घेऊन या, लिनक्स बसवून घेऊन जा. गर्दी व्हावी म्हणून एका स्थानिक पुढाऱ्याला बोलावलं. पुढारी आले आणि अर्थात त्यांच्या मागून गर्दीही आली. त्यातल्या कुणाकडेच लॅपटॉप नव्हता.

सरांनी पुढाऱ्यांच्या कानात सगळं समजावलं. जगभरच्या लोकांनी मिळून केलेलं काम आहे, कुणा एकाचं नाही, वगैरे. पुढाऱ्यांनी जोरजोरात मान हलवली आणि माईक धरला.

“भावांनो, बाजारांत ह्या सॉफ्टवेअराक लोक पयशे मोजतात. तेंच हांवें तुमकां फुकट हाडून दिलां!”

टाळ्यांचा कडकडाट. सर घाईघाईने उठले, “नाही, म्हणजे खरं तर...”

पुढाऱ्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. “आभार मानूं नाकात, सर. हें म्हजें कर्तव्यच.”

*

सरांनी एक अख्खा प्रोग्राम मराठीत आणला. इंग्रजीत बंद पडलेल्या कामाला ‘किल’ करतात, त्याचा सरांनी ‘वध’ केला. एका मोठ्या कामातून निघालेल्या छोट्या कामांना इंग्रजीत ‘चाइल्ड’ म्हणतात, ती झाली ‘बालके’. आम्ही हसलो. सर म्हणाले, “भाषेला तेज नको?” आणि एका प्राथमिक शाळेत ते बसवूनही आले.

पुढच्याच आठवड्यात तिथल्या मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला.

“सर, तुमचो कॉम्प्युटर विचारता, ‘सर्व बालकांचा वध करावा का?’”

“मग ‘होय’ दाबा ना, बाई!”

“किदें ‘होय’? मी ‘नाही’ दाबलं! शाळा आहे ही!”

*

आता सरांच्या घरचा किस्सा.

सरांची मुलगी मुग्धा. तिच्यासाठी म्हापशाचा मयूर घरी आला, तेव्हा सरांनी ना पगार विचारला ना पत्रिका. एकच प्रश्न केला, “सिस्टम कुठली वापरता?”

“लिनक्स, सर.”

“कुठली आवृत्ती?”

मयूरने सरांच्या मागे पाहिलं. तिथे मुग्धा उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. मयूरने अडखळत नाव सांगितलं. सर जागीच विरघळले! पुढे महिनाभर भेटेल त्याला सांगत होते, “असा मुलगा मिळायला पुण्याई लागते.”

साखरपुडा डिचोलीत झाला. हॉल भरलेला. दोघांच्या लहानपणाचे फोटो मोठ्या पडद्यावर दाखवायचे होते, तेही मयूरच्या लॅपटॉपवरून. लॅपटॉपच्या पाठीवर कोरा करकरीत पेंग्विन होता. सरांनी तो व्याह्यांना मुद्दाम बोट दाखवून दाखवला.

फोटो सुरू झाले. मयूर घोड्यावर. मुग्धा पावाला चहा पाजताना. मग सर स्वतः, दाट केसांचे, कुशीत दुपट्यातली मुग्धा. सरांनी चष्मा काढून पुसला. तो डोळ्यांवर चढवतात, तोच पडदा निळा झाला.

त्यावर पांढरी अक्षरं उमटली. विंडोजचं अपडेट चालू आहे. कृपया कॉम्प्युटर बंद करू नका.

हॉलमध्ये कुणाला काहीच वाटलं नाही. सगळ्यांच्याच घरी हे होतं. आम्हा तिघांचे घास मात्र तोंडातच राहिले. दत्ताने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

मयूर धावत लॅपटॉपपाशी गेला. “आत्ताच्या आत्ता बंद करतो, सर!”

“बाबा, त्याची चूक नाही. मीच त्याला...” मुग्धा म्हणाली.

सर उठले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. शालू सावरत ती जागीच उभी होती. आता साखरपुडा मोडतो की काय, अशा बेताने हातातली फुलं भटजींनी खाली ठेवली. सर चालत लॅपटॉपपाशी आले आणि मयूरचं बटणावर गेलेलं बोट त्यांनी हलकेच उचललं.

“मधेच बंद करू नका, जावईबापू,” सर म्हणाले. “बिघडेल. पूर्ण होऊ दे.”