सौंसरच्या पुढचा घाट

निमित्त सासूबाईंचं होतं आणि हौस माझी. सत्तरचं दशक संपत आलं होतं. सासूबाईंची धाकटी बहीण, शांतामावशी, छिंदवाड्याचं घर आवरून मुलाकडे जबलपूरला कायमची निघाली होती. पाच वर्षांपूर्वी एका लग्नात मानाची साडी आधी कुणाला नेसवली, यावरून दोघींचं बोलणं बंद झालं होतं. मावशी शनिवारी संध्याकाळी सहाच्या बसने निघणार, हे कळल्यावर सासूबाई दोन दिवस नुसतं कपाट उघडत-लावत होत्या. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, “मले छिंदवाड्याले घेऊन चाल वं. भेटून येतो तिले.”

बस चार तासांत पोचवते. मी मात्र आमच्याच गावातल्या इतवारी स्टेशनाहून सुटणारी छोट्या रुळांची गाडी सुचवली. सकाळी साडेसातला निघते, चारला पोचते, हातात दोन तास राहतात. हे सगळं खरं होतं. एवढंच सांगितलं नाही की पुढच्या महिन्यापासून त्या मार्गावर डिझेल इंजिन लागणार असं कानावर आलं होतं, आणि वाफेच्या इंजिनामागे बसून रामाकोन्याच्या पुढचा घाट मी एकदाही चढले नव्हते.

“आईला मावशीकडे नेतेस की इंजिनाकडे?” यजमानांनी विचारलं. त्यांना माझं वेड माहीत होतं. कॉन्व्हेंटात असताना ‘माझा छंद’ या निबंधात मी गाड्या लिहिल्या होत्या. सिस्टरनी तो शब्द खोडून वर सुबक अक्षरात ‘भरतकाम’ लिहिलं. भरतकाम मला आजही येत नाही.

मुलाला यजमानांवर सोपवून धरमपेठेतल्या घरून पहाटेच रिक्षा केली. इतवारीत हातगाड्यांची वर्दळ सुरू झाली होती. दोघींची तिकिटं मिळून दहा रुपयांच्या आत आली. डबा लाकडी, बाकं फळ्यांची, खिडक्यांना लाकडी झिलमिली. रूळ इतके जवळजवळ की डबा खेळण्यातला वाटावा. इंजिन लहान, काळं, पितळेच्या पट्ट्या घासून लख्ख केलेल्या. मी पुढे जाऊन ते पाहून आले तोवर सासूबाईंनी खिडकीची जागा धरली होती.

“झालं दर्शन? बस आता. नवऱ्याले इतकं निरखून नाही पाहात कधी.”

समोरच्या बाकावरच्या संत्रेवाल्या बाई खळखळून हसल्या.

सावनेरला चहा आणि गरम आलुबोंडे घेतले. त्यापुढे दोन्ही बाजूंनी संत्र्यांच्या बागा लागतात. गाडी इतकी सावकाश जायची की झाडावरची फळं मोजता यावीत. कोळशाचे कण डोळ्यांत जात होते. सासूबाईंनी पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला आणि माझ्या वेडाला नावं ठेवत झुणका-पोळी खाल्ली. साडेअकराच्या सुमारास सौंसर आलं. समोरून मालगाडी येणार होती, ती गेल्यावर आम्ही निघणार. मी फलाटावर उतरले.

इथे एक पद्धत सांगायला हवी. एकेरी रुळांवर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून दोन स्टेशनांमधल्या रुळांसाठी धातूचा एक गोळा असे. वेताच्या मोठ्या कड्याला चामड्याची पिशवी, पिशवीत तो गोळा. ज्याच्याजवळ गोळा, त्याचीच गाडी त्या रुळांवर. स्टेशनात शिरताना फायरमनने तो फलाटावर टाकायचा आणि पुढच्या टप्प्याचा उचलायचा.

मालगाडी न थांबता हळूहळू फलाटाजवळून गेली. तिच्या फायरमनने पोर्टरच्या हातातलं कडं झोकात उचललं. जुनं कडं मात्र इंजिनाच्या आकड्याला लटकत राहिलं. टाकायचं विसरलाच. पोर्टर ओरडत मागे धावला, पण शेवटचा डबाही निघून गेला. घाटाकडच्या टप्प्याचा, म्हणजे आमच्या गाडीला लागणारा गोळा उलट दिशेने पळाला होता.

गोळा तर गेला, आता आमची गाडी कधी सुटणार, असं मी स्टेशनमास्तरांना विचारलं. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

“मागच्या स्टेशनावरून माणूस सायकलनं आणून देईन, तवा तुमची गाडी निघंन. दोन-अडीच घंटे धरा. पन बाई, तुमाले कसं समजलं?”

चार आणि अडीच, साडेसहा. मावशींची बस सहाची.

डब्यात आले. “काहून थांबून राहिली वं गाडी?” सासूबाईंनी विचारलं.

“क्रॉसिंग आहे,” मी म्हणाले.

संत्रं सोलत बसले. घाट तीन स्टेशनांवर होता. गोळा कदाचित लवकर येईल, मावशींची बस कदाचित उशिरा सुटेल, असं मनाशी जुळवत होते. सासूबाईंनी पिशवीतून एक साडी काढली, अंजिरी रंगाची, जरीच्या बारीक काठाची. घडी मांडीवर ठेवून त्यांनी हाताने सारखी केली.

“तिले आवडन का वं हा रंग? लहानपणी तं अंजिरीच मागे.”

मी संत्रं खाली ठेवलं. “आई, उतरू या. गाडी अडीच तास हलत नाही. इथून बस मिळेल.”

त्यांनी लगेच साडी पिशवीत घातली. सौंसरच्या स्टँडवर दीडची बस मिळाली. वळताना मी मागे पाहिलं. इंजिन तिथेच उभं होतं, पांढरी वाफ सोडत.

बसमध्ये मी त्यांना सगळं सांगितलं. डिझेलचं, घाटाचं, तिथे इंजिनाचा आवाज ऐकायचा होता त्याचं, क्रॉसिंग म्हणून दहा मिनिटं गप्प बसल्याचंही.

“दहाच मिनटं ना?” त्या म्हणाल्या. “म्या पाच वर्सं लावले.”

मावशी दारातच होत्या, बांधलेल्या वळकटीवर बसलेल्या. आम्हाला पाहून उठल्या नाहीत.

“आता सुचलं तुले?”

“तुले सुचलं होतं का?”

एवढं बोलून सासूबाई त्यांच्या शेजारी वळकटीवरच टेकल्या. साडी मांडीवर ठेवली. मग दोघी एकाच पदराने डोळे पुसत बसल्या आणि मी चहा करायला आत गेले. दोन तास त्या अखंड बोलत होत्या, बहुतेक मेलेल्या माणसांविषयी. सहाची बस सहाला सुटली. सौंसरला सोडलेल्या आमच्या गाडीची शिट्टी मी पावणेसातला ऐकली.

रात्र छिंदवाड्यातच सासूबाईंच्या पुतण्याकडे काढून रविवारी परतताना त्या आपणहून म्हणाल्या, “गाडीनंच जाऊ.” भिमालगोंदीच्या पुढे, घाट लागल्यावर, त्यांनी पदर मागे सारून कान खिडकीशी लावला.

“मले तं काहीच आवाज नाही येत वं.”

“आपण उतरतोय, आई. उतारावर इंजिनाला धापा टाकाव्या लागत नाहीत. आवाज चढताना येतो.”

त्यांनी पदर पुन्हा डोक्यावर ओढला. जंगल आणि दऱ्या सरकत होत्या. मधूनच ब्रेकचा करकराट येई. “म्हंजे तुह्यं ऐकनं राहूनच गेलं,” त्या म्हणाल्या. घरी पोचल्यावर चप्पल काढता काढता मुलाला सांगितलं, “येत्या रविवारी हिले एकटीले जाऊ दे. पोराले अन् सयपाकाले मी आहो.” आमच्या घरातली सून एकटी, काहीही काम नसताना, केवळ गाडीत बसायला जाणार! यजमानही चकित झाले.

मी गेले. इतवारीला गाडीच्या तोंडाशी डिझेल लागलेलं होतं. ऐकलेल्या तारखेच्या आधीच. परत फिरणार होते, पण हातात त्यांनी बांधून दिलेला डबा होता. बसले. घाट फार सुंदर आहे. इंजिन एका सुरात गुरगुरत वर गेलं.

आता तिथे मोठे रूळ आले आहेत. जाणार असाल तर हिवाळ्यात जा, संत्र्यांच्या दिवसांत. दिवसाची गाडी पाहा, आणि सौंसरच्या पुढे झोपू नका. वाफेवर घाट चढलात का, असं कुणी विचारलं तर मी सरळ नाही म्हणते. फक्त एका माणसाला खोटं सांगितलं. त्या डिझेलच्या रविवारची रात्र पुतण्याकडे काढून दुसऱ्या दिवशी घरी पोचले तेव्हा सासूबाई तव्यावरची पोळी तशीच सोडून बाहेर आल्या होत्या, हात पिठाचे.

“आला का वं आवाज?”

“आला, आई,” मी म्हणाले, आणि तो कसा होता ते पोळी करपेपर्यंत त्यांना सांगत राहिले.